विषय : गाडीच्या दाराच्या ‘पेंटलेस’ (रंगाला हात न लावता पोचा काढण्याच्या) कामाच्या बिलावर ‘फुल पॅनल पेंट’ – लेखी खुलासा आणि भरपाई मिळण्याबाबत

पुणे, दि. ६ ऑक्टोबर २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग
(आणि त्यांच्यावर जे कोणी असतील ते)

शनिवारी दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं सातवं आणि शेवटचं बोलणं झालं. आठवा फोन करणार नाही, म्हणून हे पत्र. जॉब कार्ड, बिल आणि अकरा फोटो सोबत जोडले आहेत.

गाडी २०१९ची, रुपेरी, पहिल्या दिवसापासून माझ्याच हातात. गणपतीच्या आधी सोसायटीच्या मांडवाचा एक बांबू घसरला आणि त्याचं टोक डाव्या मागच्या दारावर बसलं. हँडलच्या चार बोटं खाली, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, गोल पोचा. रंगाला चरा नाही, पत्र्याला घडी नाही. विम्यात टाकलं असतं तर साठलेल्या ५० टक्के नो क्लेम बोनसवर पाणी सोडावं लागलं असतं आणि वर दार रंगवूनच मिळालं असतं. मला दार रंगवायचं नव्हतं. हे वाक्य परत लिहिते, कारण तुमच्याकडे ते कोणाच्या कानावर गेलेलं दिसत नाही : मला दार रंगवायचं नव्हतं.

म्हणून तुमच्याकडे आले. तुमच्या शाखेच्या दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय की रंगाला हात न लावता पोचा काढून मिळेल. त्या भिंतीवर विश्वास ठेवला.

९ सप्टेंबरला तुमच्या ज्या माणसाने गाडी तपासली त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याला काम कळत होतं. त्याने दारासमोर पट्ट्यापट्ट्यांचा दिवा धरला आणि सरळ पट्ट्या पोच्यापाशी येऊन कशा वाकतात ते दाखवलं. रंगाच्या थराची जाडी मोजणारा जाडीमापक लावला : १११ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणाला, “कंपनीचाच रंग आहे मॅडम, पत्रा ताणलेला नाही. काच खाली घेऊन आतून रॉड घालू. मध्ये दाराचा बीम आडवा आला तर बाहेरून ग्लू लावून ओढू. दोन-तीन तासांचं काम.” आणि जॉब कार्डावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं : ‘ओरिजिनल पेंट, पीडीआर ओके.’ पीडीआर म्हणजे पेंटलेस डेंट रिपेअर. फोटो क्रमांक २ पाहा. सही तुमच्या माणसाची, शिक्का तुमचा.

दोन-तीन तासांच्या कामाला दोन दिवस लागले तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पडला नाही. ११ तारखेला संध्याकाळी ट्यूबलाइटच्या उजेडात गाडी ताब्यात घेतली, ३,२०० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ३,७७६ रुपये भरले, बिल न वाचता पर्समध्ये टाकलं. ही माझी चूक. बिल घरी येऊन वाचलं. पहिली ओळ : ‘लेफ्ट रिअर डोअर, पेंटलेस डेंट रिपेअर, ३,२००.’ दुसरी ओळ : ‘लेफ्ट रिअर डोअर, फुल पॅनल पेंट, ०, कॉम्प्लिमेंटरी.’

एकाच दाराच्या या दोन ओळी एकाखाली एक छापताना तुमच्या संगणकाला काही वाटलं नसेल, पण बिलावर सही करणाऱ्या माणसालाही काही वाटू नये? उपवासाच्या थाळीबरोबर मटण फुकट, असं हे बिल आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात गाडी पाहिली. समोरून बघितलं तर दार शेजारच्या पत्र्याशी जुळतं. तिरपं बघितलं की करडं पडतं. रुपेरी रंगातला अल्युमिनियमचा कण फवारताना कसा बसला त्यावर छटा ठरते, त्यामुळे या रंगाची जुळणी सगळ्यात अवघड, हे मी तुम्हाला शिकवायला नको. दारावर संत्र्याच्या सालीसारखा पोत आलाय. खिडकीच्या रबरावर रुपेरी फवारा उडालाय. म्हणजे मास्किंग, फवारण्याआधी आजूबाजूचं झाकून घेणं, तेसुद्धा धड केलेलं नाही.

आता एक गोष्ट तुमच्या दुर्दैवाने अशी, की मी सत्तावीस वर्षं भोसरीत पावडर कोटिंगच्या तपासणी विभागात काढली. जाडीमापक माझ्या घरी आहे. बाकी तीन दारांवर १०८, ११४, ११२. तुमच्या दारावर वरच्या भागात २६२, खाली २४८. आणि जिथे पोचा होता तिथे ८७०.

८७० मायक्रॉनचा रंग कोणी मारत नाही. ती पुट्टी आहे. म्हणजे पोचा निघालेला नाही. तो आहे तिथेच आहे, तुम्ही तो लिंपून टाकलाय. जे काम केल्याबद्दल ३,२०० घेतले ते झालंच नाही, आणि जे करू नका म्हणून पैसे मोजले तेच तुम्ही ‘भेट’ म्हणून दिलं.

का झालं, तेही कळलं. तुमच्याच शाखेतल्या एका मुलाने सांगितलं (नाव विचारू नका, सांगणार नाही) की पोचे काढणारा कारागीर गणपतीला गावी गेला होता तो परतलाच नव्हता, आणि गाडी ठरल्या तारखेला ‘क्लोज’ करायची होती. अहो, मग एक फोन करायचा! मी पंधरा दिवस थांबले असते. मला काय गाडी वरातीत न्यायची होती? त्या दोन दिवसांत तुमच्याकडून मला नऊ मेसेज आले. गाडी आत आली, धुतली, पुसली, टायर बदलणार का, दसऱ्याची ऑफर बघणार का. ‘दार रंगवू का?’ एवढं विचारायला मात्र कोणाला सवड झाली नाही.

आता शनिवारचं. हे सविस्तर लिहिते, कारण तुमचं संभाषण ‘गुणवत्तेसाठी ध्वनिमुद्रित’ होतं असं यंत्र सांगत होतं. काढून ऐका. ४ ऑक्टोबर, दुपारी साडेबाराच्या सुमारास.

आधी अकरा मिनिटं सनई. मग एक गृहस्थ आले. “मॅडम, सिस्टिममध्ये जॉब क्लोज्ड दाखवतोय.”

म्हटलं, तुमच्याकडे बंद असेल, माझ्याकडे चालू आहे.

“पण डेंट गेला ना?”

“गेला नाही. पुट्टीखाली आहे.”

“दिसतो का?”

“नाही.”

“मग गेला ना मॅडम.”

या न्यायाने आमच्या बेडरूमच्या भिंतीची ओलही गेली म्हणायची, तिच्यापुढे कपाट आहे. तरी मी शांतपणे त्यांना आकडे वाचून दाखवले. १०८, ११४, ११२, आणि ८७०. पलीकडे थोडी शांतता. मला वाटलं लिहून घेतायत.

“हे तुम्ही कशाने मोजलं?”

“जाडीमापकाने. तुमच्याकडे असतो तसाच.”

“तो फरक मशीनला दिसतो मॅडम. डोळ्याला नाही दिसत.”

म्हटलं, माझ्या डोळ्याला दिसतोय, आणि उद्या गाडी विकायला काढली की घेणारा आधी हेच मशीन लावणार. दार रंगवलेलं दिसलं की गाडी ठोकलेली आहे असं समजून किंमत पाडणार. त्यावर तुमच्या प्रतिनिधीने दिलेलं उत्तर शब्दशः असं :

“मग मशीन लावू नका ना.”

सत्तावीस वर्षांत मी किती ट्रक परत पाठवले असतील याचा हिशेब नाही. एकाही पुरवठादाराची मला ‘मॅडम, मोजू नका ना’ म्हणण्याची छाती झाली नव्हती. मी काही बोलले नाही, तर त्यांना वाटलं मला समजलं नाही. मग आवाज गोड करून : “घरात कोणी जेन्ट्स असतील तर त्यांना फोन द्या, मी त्यांना टेक्निकल समजावून सांगतो.”

घरात एक जेन्ट्स आहेत. ते मराठीचे निवृत्त प्राध्यापक आहेत आणि गाडीचं बॉनेट कुठून उघडतं ते त्यांना अजून ठाऊक नाही. “देऊ का त्यांना?” असं मी खरंच विचारलं. त्यावर गृहस्थ चिडले. “मॅडम, तुमचा नक्की प्रॉब्लेम काय आहे? लोक एका दाराच्या पेंटिंगचे सात-सात हजार देतात. आम्ही तुम्हाला फ्री करून दिलं.”

आणि फोन ठेवला. त्यांनी. मी नाही.

माझ्या आजीच्या तांब्याच्या हंड्याला पोचा आला की तो कसब्यातल्या तांबट आळीत जायचा. तांबट आतून ठोकून पोचा उठवायचा, वरून मठारून द्यायचा आणि पैसे घ्यायचा. त्याने हंड्यात लुकण भरून वर रंग फासला आणि ‘रंग फुकट हो आजी’ म्हणाला, असं एकदाही झालं नाही. त्याच्याकडे सनईही नव्हती.

तुमच्या शाखा व्यवस्थापकांनी २० सप्टेंबरला जो तोडगा सुचवला तोही नोंदवून ठेवते. दाराची छटा जुळत नाही हे त्यांनी मान्य केलं (तोंडी, लेखी नाही). उपाय काय, तर पुढचं दार आणि मागचा पत्रा दोन्हीकडे ‘ब्लेंड’ करू, नवा रंग त्यांच्यावरही विरळ करत नेऊ, म्हणजे फरक कळणार नाही. म्हणजे एका दाराचा मूळ रंग घालवला, आता तो लपवायला आणखी दोन पॅनलचा घालवायचा. मग त्यांच्या शेजारचे? असं करत करत बॉनेटला वळसा घालून पलीकडच्या आरशापर्यंत जाऊ या का?

मूळ रंग परत देता येत नाही, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. कारखान्यात नुसती बॉडी असताना रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात. वायरिंग, रबर, प्लॅस्टिक सगळं बसलेल्या गाडीला ते तापमान देता येत नाही, तुमच्या बूथमध्ये फार तर ६०-७० अंश. तो थर गेला तो गेला. म्हणूनच तर लोक तुमच्याकडे येतात. तुमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे आणि तीच तुमच्या माणसांना माहीत नसावी, याचं मला रागापेक्षा वाईट जास्त वाटतं. मीच माझ्या नणंदेला आणि सोसायटीतल्या तिघांना तुमचं नाव सांगितलं होतं. चौघांनाही आता फोटो दाखवलेत.

माझ्या मागण्या. ३,७७६ रुपये परत, कारण ते काम झालेलं नाही. दुरुस्त केलेलं बिल, ज्यात ‘पोचा काढला नाही, पुट्टी भरून पूर्ण दार रंगवलं, ग्राहकाला न विचारता’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल. हा कागद मला पुढे गाडी घेणाऱ्याला दाखवायचा आहे, म्हणजे तो मला खोटं ठरवणार नाही. माझ्या पसंतीच्या वर्कशॉपमध्ये दार पत्र्यापर्यंत साफ करून, पोचा उठवून, नीट रंगवून घेण्याचा खर्च तुमचा. शेजारच्या पत्र्यांना हात लावायचा की नाही ते मी ठरवेन. आणि गाडीच्या किमतीत जी घट झाली तिची भरपाई, तिचा आकडा मी मूल्यांकन करून घेऊन कळवते. तुमच्या ‘पुढच्या सर्व्हिसवर २० टक्के सूट’ या कूपनचा मी विचार केलेला नाही. पुढची सर्व्हिस नाही.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं. फोन नको. उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा, दोन्हींसाठी जिल्हा आयोगात जाईन. मी राहते तिथेच तक्रार दाखल करता येते, एवढ्या रकमेला शुल्क नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येते. मी निवृत्त आहे. मला वेळच वेळ आहे. तुमचा ध्वनिमुद्रित संवाद तेव्हा मी मागवीनच, तो ‘चुकून पुसला गेला’ असं होऊ देऊ नका.

एक राहिलं. परवाच्या पावसानंतर ते दार उघडताना आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला. खाली वाकून बघितलं तर दाराच्या तळाशी पाणी निघून जायला जी तीन छिद्रं असतात ती तिन्ही तुमच्या फुकट रंगाने बुजलेली. दोन मी टाचणीने मोकळी केली, अर्धा तांब्या पाणी निघालं. तिसरं तसंच ठेवलंय. फोटो क्रमांक ११. तुमचा माणूस पाहणीला येईल तेव्हा त्याच्यासमोर उघडू.

– एक ग्राहक, जॉब कार्ड सोबत आहे

प्रत : मांडववाले, माहितीसाठी. त्यांनी दुसऱ्याच दिवशी येऊन माफी मागितली होती.