भाडेकरू बदलतो, कुलूप मात्र तेच

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जून महिना आला की बेळगावच्या टिळकवाडी, हिंदवाडी, अनगोळ, वडगाव या भागांतील ‘खोली भाड्याने देणे आहे’ या पाट्या उतरू लागतात. शिकायला आलेली मुले आणि उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरीला लागलेले तरुण नव्या खोल्यांत राहायला येतात. करार बहुधा ११ महिन्यांचा होतो, अनामत ठरते, भिंतींना रंगही लागतो. पण जुन्या भाडेकरूने परत केलेलीच किल्ली नव्याच्या हाती पडते. मधल्या काळात तिच्या किती नकला निघाल्या हे खुद्द घरमालकालाही सांगता येणार नाही, कारण बाजारात यंत्रावर दुसरी किल्ली काही मिनिटांत कापून मिळते आणि ती कोणाच्या घराची, हे सहसा कोणी विचारत नाही.

त्यामुळे कुलूप किती लिव्हरचे (आतील पट्ट्यांचे) घ्यावे याआधी किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत, हे पाहावे लागते. शहापुरातील जुन्या घरांत भाडेकरू कडी-कोयंड्याला स्वतःचे कुलूप लावतो. किल्लीच्या दृष्टीने ती पद्धत चांगलीच म्हणावी लागेल, फक्त कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर कुलूप कितीही भारी असले तरी स्क्रूड्रायव्हरपुढे ते निरुपयोगी ठरते. नव्या इमारतींत दाराच्या जाडीत बसणारे आणि सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात जाते तो भाग, वेगळा निघणारे कुलूप बसवावे. दाराच्या कडेचा एक स्क्रू सोडून किल्ली किंचित फिरवली की सिलिंडर बाहेर येतो आणि त्याच मापाचा दुसरा तेथे बसतो. तो बाहेरच्या पट्टीपुढे आलेला मात्र नसावा, कारण पुढे आलेले टोक पकडीत धरून मोडता येते. चार-पाच खोल्या असलेल्या मालकाने भाडेकरू बदलताना सिलिंडर आपसांत फिरवले तरी जुनी किल्ली त्या दाराला लागत नाही. अर्थात, ती दुसऱ्या दाराला लागणार असल्याने निघालेला सिलिंडर काही काळ बाजूला ठेवणे बरे. आकडे दाबून उघडणारी कुलुपे सोयीची असली तरी आकडा न बदलल्यास तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

आपल्याकडच्या पावसात लाकडी दारे फुगतात, कुलपाची जीभ चौकटीतील खाचेत पूर्ण जात नाही आणि मग कोणीतरी ती खाच कानशीने वाढवतो. उन्हाळ्यात दार आक्रसले की तीच जीभ जेमतेम अडकलेली असते. अशा वेळी खाच न वाढवता दार रंध्यावर घ्यावे. किल्ली अडकू लागल्यास खोबरेल घालण्याची सवयही सोडावी, कारण तेलावर धूळ बसून आतील पिना जाम होतात; पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरेशी असते.

मालकाने जादा किल्ली ठेवण्यात गैर काही नाही, नळ फुटला तर ती लागतेच. मात्र ती पाकिटात बंद करून वर भाडेकरूची सही घ्यावी आणि तिला घर क्रमांकाची चिठ्ठी लावू नये. केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात मालकाने आत येण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना द्यावी असे म्हटले आहे. आपल्या करारपत्रांतही ते लिहायला हरकत नसावी. त्याच पानावर किती किल्ल्या दिल्या तो आकडा यावा, आणि भाडेकरू बदलताना सिलिंडरचा खर्च मालकाचा, किल्ली हरवल्यास भाडेकरूचा, हेही नोंदवलेले असावे.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव