रेकीवाल्या ताईंना, जरा उशिराने

ताई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायचे राहूनच गेले, कारण तुमच्याकडून निघताना मी दर वेळी अर्धवट झोपेत असायचो. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. रेकीला, म्हणजे अंगावर नुसते हात ठेवून करायच्या या उपचाराला, पहिल्यांदा जाणाऱ्या कुणाला वाचून धीर आला तर बरंच.

मी आलो तेव्हा सात महिने धड झोपलो नव्हतो. आई गेल्यापासून रात्री दोनला डोळे टक्क उघडायचे ते उजाडेपर्यंत. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू होत्या. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी ‘तीन बैठकांत गोळ्या सुटतील’ असं ऐकून मी तडक उठून आलो होतो. तुमच्याकडे आलो तो बायकोच्या आग्रहाखातर आणि भांडायच्या तयारीने. तुम्ही पहिलंच वाक्य बोललात, “गोळ्या चालू आहेत ना? डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही बंद करायची नाही.” निम्मं भांडण तिथेच विरलं.

उरलेलं निम्मं मी काढलंच. “ही हजारो वर्षांची विद्या ना?” असं खवचटपणे विचारलं. तुम्ही हसलात आणि म्हणालात, “छे, जेमतेम शंभरेक वर्षांची.” जपानचे मिकाओ उसुई, क्योटोजवळचा कुरामा डोंगर, 21 दिवसांचा उपवास आणि 1922 साली टोकियोत सुरू झालेलं त्यांचं काम हे सगळं तुम्ही गोष्टीसारखं सांगितलंत. उसुईंचे शिष्य हायाशी नौदलातले डॉक्टर होते. हवाईहून आलेल्या हावायो ताकाता 1935 साली त्यांच्या दवाखान्यात उपचार घ्यायला गेल्या आणि पुढे ही पद्धत जपानबाहेर घेऊन गेल्या. ‘रेकी’तला ‘की’ म्हणजे आपण ज्याला प्राण म्हणतो त्याच्या जवळचं काहीतरी, हेही तेव्हाच कळलं.

मग चष्मा, घड्याळ, पट्टा काढून मी पाठीवर पडलो. अंगावरचे कपडे तसेच. “दाबणार नाही, चोळणार नाही, नुसते हात ठेवणार. नको वाटलं तर सांगा,” म्हणालात. डोळ्यांवर मऊ कापड, त्यावर तुमचे तळहात. एकेका जागी तीन-चार मिनिटं. पहिल्या जागेवर मी मनातल्या मनात विजेचं बिल भरलं. दुसऱ्या जागेवर नाकाला खाज सुटली. तिसऱ्यांदा तुम्ही दोन्ही हात डोक्याखाली सरकवलेत. माणसाचं डोकं साधारण 4-5 किलोचं असतं म्हणतात, पण ते इतकं जड आहे हे मला तेव्हा कळलं, कारण माझी मान ते सोडायलाच तयार नव्हती. “तुम्ही नका धरू, मी धरलंय,” तुम्ही हळूच म्हणालात. आणि मानेतलं काहीतरी एकदम सैल सुटलं. सात महिन्यांत ‘मी धरलंय’ असं मला कुणी म्हणालं नव्हतं. माझंही बरोबर आहे, मी कुणाला धरू दिलं नव्हतं.

गळ्याशी तुम्ही हात टेकवलेच नाहीत, बोटभर वरच धरलेत. छातीवरून पोटावर आलात तेव्हा पोट असं काही गुरगुरलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही एवढंच म्हणालात, “छान, अंग सैल पडतंय.”

शेवटी विचारलंत, “काय जाणवलं?” मी म्हणालो, “ऊब नाही, मुंग्या नाहीत, रंगबिंग काही नाही.” तुम्ही म्हणालात, “ठीक आहे. काहींना जाणवतं, काहींना नाही. खोटं सांगू नका म्हणजे झालं.” ताई, सगळ्यात जास्त आभार मला या वाक्याचे मानायचे आहेत.

दुसऱ्या वेळी मात्र पायांना ऊब आली, चादर पांघरल्यासारखी. तिसऱ्या वेळी डोळ्यांतून पाणी येत राहिलं. रडू नव्हे, नुसतं पाणी. तुम्ही हात न काढता दुसऱ्या हाताने रुमाल पुढे केलात. विचारलं काहीच नाही.

माझा स्वभाव बदलला असं समजू नका. ही ‘की’ नावाची ऊर्जा आजवर कुठल्या उपकरणाने मोजलेली नाही, हे मी तुम्हाला ऐकवलंच. रेकीच्याच जवळच्या एका स्पर्शोपचाराची चाचणी एका शाळकरी मुलीने घेतली होती. पडद्याआडून तिचा हात आपल्या कुठल्या हाताजवळ आहे, एवढंच उपचारकांनी ओळखायचं होतं. 21 जणांची उत्तरं 44 टक्केच बरोबर आली, म्हणजे छापा-काट्याहूनही कमी. 1998 साली हे अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. “मला तरी कुठे मोजता येते? पण तासभर कुणी घाई न करता जवळ बसलं की माणूस सैलावतो, एवढं मी रोज बघते.” यावर मला भांडता आलं नाही.

जाताना तुम्ही उसुईंचे पाच नियम लिहून दिलेत, ‘फक्त आजच्यापुरतं’ने सुरू होणारे. ‘रागावणार नाही’ हा रोज सकाळी दहाच्या आत मोडतो. बाकीच्यांचं बरं चाललंय.

आणि स्वतःवर हात ठेवायच्या ज्या बारा जागा दाखवल्यात, त्यांचा सराव रात्री अंथरुणात करतो. डोळे, मग कानशिलं. तिसरी जागा कोणती, ते परत एकदा दाखवाल का? तिथवर जागा राहतच नाही.

तुमचा,
पोट गुरगुरणारा