भार कसला, रोख पैसे मोजणारं गिऱ्हाईक आहे ते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुम्ही एका वाचकांचं पत्र छापलं होतं, की आपली पोरं शिकायला म्हणून परदेशात जातात आणि तिथल्या घरांवर, बसवर, दवाखान्यांवर भार टाकतात, मग ते लोक व्हिसाचे नियम कडक करणारच, त्यांचं काय चुकलं. मी बँकेत फॉरेन एक्स्चेंजच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, पोरांच्या फिया पाठवायचे ए-2 फॉर्म ढिगाने तपासले, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना. त्या पत्रातलं निम्मं खरंय. पण उरलेल्या निम्म्याचा हिशोब कुणी मांडतच नाही. पत्र जरा लांबेल, कापायचं तर कापा.

त्या ए-2 फॉर्मवर पैसे कशासाठी चाललेत त्याचा एक कोड टाकावा लागतो. शिक्षणासाठी एस 0305, आणि हा कोड येतो कुठे तर ट्रॅव्हलच्या गटात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलेलं, पोरगं चाललंय दोन वर्षं घासायला आणि कागदावर सहल! पण ते बरोबरच आहे. देशादेशांतल्या पैशांचा जो हिशोब ठेवतात त्याच्या नियमाने विद्यार्थी कितीही वर्षं बाहेर राहिला तरी तो मायदेशाचाच रहिवासी धरतात, म्हणजे तो तिथे जे काही खर्च करतो, फी, खोलीभाडं, बसचा पास, मोबाईलचं बिल, केस कापायचे पैसे, ते सगळं त्या देशाची निर्यात म्हणून लागतं. कोळसा विकला काय आणि केमिस्ट्रीचा वर्ग विकला काय, वहीत दोन्ही एकाच बाजूला. फरक इतकाच की कोळसा जहाजात भरून पाठवायला लागतो, आणि इथे गिऱ्हाईक स्वतःचं तिकीट काढून दारात येतं आणि वर दोन-तीन वर्षं राहतं.

हे राहणंच महत्त्वाचं. फी कॉलेजला जाते, पण बाकीचे पैसे गावभर पसरतात, घरमालक, किराणावाला, जुनी गादी विकणारा, टॅक्सीवाला, सगळ्यांकडे थोडे थोडे.

कॅनडात नोव्हा स्कॉशिया प्रांतात केप ब्रेटन नावाचं बेट आहे. कोळशाच्या खाणी आणि तिथल्याच सिडनी गावातला स्टीलचा कारखाना यावर शंभर वर्षं जगलेला भाग, आणि 2001 साली कारखानाही बंद आणि शेवटची सरकारी खाणही बंद. तरुण पोरं आधीपासूनच पश्चिमेकडे कामाला जात होती, मग तर म्हातारी माणसंच उरायची वेळ आली. तिथल्या केप ब्रेटन युनिव्हर्सिटीत 2023 पर्यंतच्या काही वर्षांत बाहेरच्या देशांतले विद्यार्थी इतके वाढले की चारातले तीन बाहेरचे, त्यात आपले भारतीय भरपूर. बसला गर्दी झाली, दुकानांना हाताखाली माणसं मिळाली. आणि हो, खोल्या पुरेनात हेही तितकंच खरं, वर्ग भरवायला जागा नाही म्हणून युनिव्हर्सिटीने सिनेमा थिएटर भाड्याने घेतलं, सिनेमाच्या खुर्च्यांवर बसून पोरांनी लेक्चर ऐकलं. आता यात भार टाकला कुणी? सीट, हॉस्टेल, वर्ग काहीच नसताना अ‍ॅडमिशन देत सुटलेल्याने का फी भरून आलेल्याने?

आकड्यांचंही बघा. ब्रिटनमध्ये 2021-22 साली पहिल्या वर्षाला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांचा हिशोब तिथल्या अर्थतज्ज्ञांनी काढलेला, त्यांच्या सगळ्या शिक्षणाच्या काळाचा धरून. फायदा 41.9 अब्ज पौंड, आणि दवाखाने, त्यांच्या मुलांच्या शाळा वगैरे सगळा सरकारी खर्च 4.4 अब्ज. म्हणजे तो 'भार' मोजून झालाय, आणि तो फायद्याच्या जवळपास एक दशांश निघाला. त्यांनी मतदारसंघवार वाटणीही केली आणि सगळ्यात वर लंडन नाही आलं, आले ग्लासगो आणि शेफील्ड, एक जहाजांचं गाव आणि एक स्टीलचं, दोघांचे जुने धंदे कधीच आटलेले.

आता बँकेतला माणूस आहे, आकडे डोळे झाकून मानत नाही. हा अभ्यास करून घेतला होता विद्यापीठांशीच संबंध असलेल्या संस्थांनी, त्यामुळे जरा हात राखूनच वाचायचा. ऑस्ट्रेलियात शिक्षणाची निर्यात 2023-24 मध्ये 51 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास सांगतात, पण त्यात पोरांनी तिथेच हॉटेलात, गोडाऊनमध्ये राबून मिळवलेले आणि तिथेच खर्च केलेले पैसेही मोजलेत, म्हणजे सगळे काही आपल्या ए-2 फॉर्मवरून गेलेले नाहीत. तरी काय, पैसे नसतील तर घाम तरी गेलाच ना त्यांचा.

त्या ऑस्ट्रेलियाची तर गंमतच आहे. मार्च 2020 मध्ये सीमा बंद, आणि एप्रिलमध्ये पंतप्रधान मॉरिसन यांनी तात्पुरत्या व्हिसावाल्यांना जाहीर सांगितलं की स्वतःला पोसता येत नसेल तर आपापल्या घरी जा. 2019 ला 40 अब्जांवर गेलेली शिक्षणाची निर्यात 2021 पर्यंत 22 अब्जांच्या आसपास येऊन बसली, युनिव्हर्सिट्यांत हजारोंनी नोकऱ्या गेल्या, मेलबर्नचा मधला भाग ओस पडला (व्हिक्टोरिया राज्याची सेवांमधली सगळ्यात मोठी निर्यात हीच, शिक्षण). मग जानेवारी 2022 मध्ये तेच सरकार म्हणायला लागलं की या हो लवकर, आठ आठवड्यांत आलात तर व्हिसाची फी परत देतो, आणि कामाच्या तासांची मर्यादाही काढून टाकली कारण कामाला माणसं मिळेनात. पुढे सरकार बदललं, पोरं आली, भाडी वाढली, की जुलै 2024 मध्ये तीच व्हिसा फी 710 डॉलरवरून थेट 1600, आणि 2025 मध्ये 2000. 2022 मध्ये फी परत देत होता बरं का हाच देश.

कॅनडात ऑन्टारिओ प्रांताने 2019 साली स्थानिक मुलांची फी 10 टक्के कमी केली आणि मग आहे तिथे गोठवून टाकली. ऐकायला छानच, पण ते भोक बुजवणार कोण? कॉलेजांनी बाहेरची पोरं भरली, त्यांची फी कित्येक पट. म्हणजे स्थानिक मुलांची स्वस्त फी आपल्या पोरांच्या कर्जावर चाललेली, हे मी टेबलावर बसून बघितलंय, घर गहाण टाकलेले बाप बघितलेत. पुढे जानेवारी 2024 मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने स्टडी परमिटवर, म्हणजे तिथे शिकायच्या परवान्यांवर, मर्यादा घातली, आदल्या वर्षापेक्षा साधारण 35 टक्के कमी. पोराच्या खात्यात दाखवायची रक्कम 10,000 कॅनेडियन डॉलरवरून 20,635 केली, ते एक ठीकच केलं म्हणा, कमी पैशात जाऊन हाल काढायचे ते तरी थांबतील. पण मग कॉलेजांत कोर्स बंद, माणसं घरी. तिथल्याच अल्गाँक्विन कॉलेजने पर्थ नावाच्या छोट्याशा गावातला अख्खा कॅम्पस बंद करायचं 2025 मध्ये ठरवलं, पैसे नाहीत म्हणून. तिथली कोर्सं मुख्यतः गावातल्या, आसपासच्या पोरांसाठी, म्हणजे परदेशी विद्यार्थी कमी झाले आणि शाळा सुटली कॅनडाच्याच मुलांची.

त्या वाचकांची एक गोष्ट मला पटते, घरांची. गावात हजार खोल्या आणि पोरं तीन हजार आली तर भाडं चढणारच आणि स्थानिक भाडेकरू चिडणारच. पण भाडं खिशात टाकतोय तोही स्थानिकच, त्याच्या नावाने कुणी ओरडत नाही.

आणि आपलं? 2023-24 मध्ये एलआरएसखाली, म्हणजे माणसाला स्वतःच्या कामासाठी परदेशी पैसे पाठवायची जी रिझर्व्ह बँकेची सोय आहे तिच्याखाली, शिक्षणासाठी भारतातून जवळजवळ साडेतीन अब्ज अमेरिकी डॉलर बाहेर गेले. बाहेर शिकणारी आपली पोरं 2024 मध्ये 13 लाखांच्या वर, आणि इथे शिकायला आलेले परदेशी विद्यार्थी 2021-22 च्या सरकारी पाहणीत 47 हजारांच्या आत. परदेशी पोरांना इथे शिकायला बोलावायचं सरकारचं 'स्टडी इन इंडिया' 2018 साली सुरू झालं त्याला किती वर्षं झाली मोजा. माझ्या टेबलावर फी जाताना रोज दिसायची, येताना क्वचितच.

तुम्हाला एकच विनंती, व्हिसाची फी वाढली, कोटा कमी केला अशा बातम्या तुम्ही चौकटीत छापता, पुढच्या वेळी त्याच चौकटीत दोन ओळी वाढवा की त्यानंतर तिकडची कुठली कॉलेजं बंद पडली आणि किती मास्तर घरी बसले.

आपला,
एक रिटायर्ड बँकवाला