ट्रॉलीच्या वेगाने

मूर्तिजापूर,
ऑक्टोबर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू दिवाळीला येत नाहीस हे मी तुझ्या आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, चकलीचं पीठ मात्र जरा जोरात मळलं. तुमच्याकडे स्पेनला १ नोव्हेंबरची सुट्टी, तिला जोडून रजा, आणि त्या दिवसांत तू जुन्या रेल्वेलाइनीवरच्या सायकलवाटेनं हाएनहून पुएंते हेनीलपर्यंत जाणार. हे मला पटलं. पटलं नाही ते एवढंच, की १२८ किलोमीटर तू दोन दिवसांत उरकणार आहेस. तीन दिवस घे. फोनवर तू "हो बाबा" म्हणतेस आणि विषय संपतो, म्हणून लिहायला बसलो.

एप्रिलमध्ये मी आलो तेव्हा तू मला तशाच दुसऱ्या वाटेनं ओल्वेरा ते पुएर्तो सेर्रानो नेलंस, आठवतं ना? ३६ किलोमीटर, ३० बोगदे, चार मोठे पूल. तुझ्या लेखी ती सहल होती, मी मात्र दिवसभर ड्यूटीवर होतो. त्या लांबलचक बोगद्यात मी मागे राहिलो तेव्हा तुला वाटलं मी दमलो. दमलो नव्हतो गं. भिंतीचं अस्तर बघत उभा राहिलो होतो. हालचाल थांबली म्हणून दिवे विझले, आणि तेवढ्यात समोरून धडधड ऐकू आली. मी सायकल भिंतीला लावली आणि कोनाड्यात अंग चोरून उभा राहिलो, लाल झेंडी चाचपत! आली तर काय, शाळेच्या पोरांची सायकलींची रांग. एकानं "ओला", म्हणजे त्यांचा नमस्कार, म्हटलं, मीही म्हटलं. हे तुला तेव्हा सांगितलं नव्हतं. आईला सांगू नकोस.

त्या लाइनीचा इतिहास तू मला ओल्वेराला नाश्ता करताना सांगितलास आणि माझा घास तसाच राहिला. १९२०च्या दशकात काम काढलं, डोंगर फोडले, पूल बांधले, स्टेशनं उभी केली, आणि गाडी एकदाही धावली नाही. आधी पैसा आटला, मग यादवी युद्ध पेटलं. मी चौतीस वर्षं रेल्वेच्या पी-वेमध्ये, म्हणजे रुळांच्या देखभालीत, काढली. बंद पडलेल्या लाइनी पुष्कळ पाहिल्या. पण जन्मालाच न आलेली लाइन पहिल्यांदा पाहिली. कोरिपेच्या स्टेशनवर मी मनगटावरचं घड्याळ बघितलं, ते उगाच नव्हे. फलाट दिसला की हात आपोआप वळतो. ज्या फलाटावर कधी कुणी गाडीची वाट पाहिली नाही, तिथं लोक आता जेवतात, सायकलीत हवा भरतात. साफ्रामागोनच्या कड्यावरची गिधाडं तर आपल्या डोक्यावरून इतकी खालून गेली की मी मान आत ओढली.

आता तुझ्या नव्या वाटेबद्दल. ही लाइन खरी चाललेली आहे. १८९०च्या दशकात झाली, ऑलिव्हचं तेल वाहायची, म्हणून लोक तिला तेलगाडीच म्हणत. १९८०च्या दशकात बंद पडली. तुझे आजोबा ज्या लाइनीवर गँगमन होते त्या आपल्या शकुंतला रेल्वेचं दुसरं नाव कापूसगाडी ठेवलं असतं तरी चाललं असतं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, इथून अचलपूर ७६. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फुटांचा, त्यामुळे स्पेनच्या रुळांशी तिची तुलना नाही. पण आपल्या ब्रॉडगेजशी आहे. आपला १६७६ मिलिमीटर, त्यांचा १६६८. फक्त आठ मिलिमीटरचा फरक! २०१६ साली त्यांच्या टाल्गो गाडीचे डबे आपल्याकडे चाचणीला आले तेव्हा आम्ही सगळे रिटायर लोक टीव्हीपुढे बसलो होतो. इंग्रजांनी आपल्याला दिलेला गेज त्यांनी स्वतःच्या देशात ठेवला नाही आणि स्पेनवाल्यांचा मात्र जवळपास तोच निघाला, यावर मी एखाद-दीड तास बोलू शकतो. तू वाचलीस.

रेल्वेची वाट सायकलला इतकी मानवते त्याचं कारण चढ. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून बांधणारा इंजिनिअर टेकडी आली की कापतो, दरी आली की भराव घालतो नाहीतर पूल टाकतो. भोर घाटात १ ला ३७ चढ आहे, म्हणजे शंभर मीटरला पावणेतीन मीटर, आणि तेवढ्याला आमच्याकडे मागून ढकलायला बँकर इंजिन लावतात. तुमच्या या हिरव्या वाटांवरही, म्हणजे जुन्या लाइनींवरच्या सायकलवाटांवर, चढ साधारण तीन टक्क्यांच्या आतच राहतो. पायाला तो कळत नाही, तासाभरानं मांड्यांना कळतो. रस्त्यावरच्या चढासारखा तो छातीवर येत नाही, पण संपतही नाही. म्हणून गिअर आधीच हलका ठेव.

खरा चढ लागतो तो स्टेशन सोडून गावात शिरताना. गावं टेकडीवर, किल्ल्याच्या कुशीत, आणि लाइन खाली. ओल्वेरालाही तसंच होतं, तिथं उताराची बाजू आपल्या वाट्याला आली म्हणून मी बचावलो. सुएरोसला तुझी सुटका नाही. मी नकाशात पाहिलं, चुनखडीच्या सुळक्यावर किल्ला, त्याला बिलगून पांढरी घरं, आणि सायकलवाट पार पायथ्याला. सायकल हातात धरून चढलीस तरी चालेल, पण वर जा. तिसरा दिवस त्यासाठीच माग म्हणतोय. पहिला मुक्काम आल्काउदेते, दुसरा सुएरोस नाहीतर शेजारचं दोन्या मेन्सिया, तिसऱ्या दिवशी काब्रा, लुसेना करत पुएंते हेनील. दोन दिवसांत गेलीस तर सुएरोसचा फोटो खालून काढशील आणि पुढे सुटशील. तुला ओळखतो.

मला लाइन कळली ती रूळ तपासायच्या ट्रॉलीवरून. दोघं ट्रॉलीमन रुळावरून पळत ढकलायचे, मग उडी मारून बसायचे, मी पुढे छत्री धरून. त्या वेगाला रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटची ढिली बोल्टं दिसायची, मोरीत अडकलेला पालापाचोळा दिसायचा, आणि नाल्याकाठच्या शेतातला माणूस हातातलं काम थांबवून "साहेब, पाणी घेता का" विचारायचा. त्याच्याहून वेगानं गेलं की नुसता हिरवा पट्टा. सायकलचा वेग ट्रॉलीचाच आहे, पण तुम्ही पोरं त्याला घड्याळ लावता.

नोव्हेंबर हा तिकडे तोडणीचा महिना. हाएन जिल्ह्यात म्हणे सहा कोटींहून जास्त ऑलिव्हची झाडं आहेत. झाडाखाली जाळी पसरून काठीनं फांद्या झोडपतात, तेही दिसेल. ट्रॅक्टर-ट्रेलर वाट ओलांडतील, तिथं ब्रेकवर हात ठेव, फाटकवाला नसलेलं लेव्हल क्रॉसिंग समज. एखाद्या अल्माझारावर, म्हणजे त्यांच्या तेलघाण्यावर, आत बघू देतात का विचार. पहिल्या घाण्याचं तेल हिरवंगार आणि घशात तिखट लागतं म्हणतात. मला आठवतो तो सकाळचा टोस्ट, वर किसलेला टोमॅटो आणि तेलाची धार. मी तेव्हा म्हटलं होतं की ज्वारीच्या भाकरीवर करडईचं तेल आणि तिखट घेतलं तर याहून बरं लागतं. अजूनही तेच म्हणतो. पण तो टोस्ट खा, पोटाला धरतो.

बाकीचं थोडक्यात. १ तारखेला दुकानं बंद, आणि एरवीही दोन ते पाच गावात कुत्रं जागं नसतं, तेव्हा पाव, चीज, केळी आदल्या दिवशी घेऊन ठेव. मार्तोस ते आल्काउदेते सावली कमी, दोन बाटल्या भर. कारंज्यावर "नो पोताब्ले", म्हणजे पिण्यालायक नाही, लिहिलेलं असेल तर तोंड धू, पिऊ नकोस. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, त्यामुळे सव्वासहाला सूर्य बुडतो, पुढचा-मागचा दिवा चार्ज कर. गावाबाहेर हेल्मेट तिकडच्या कायद्यानंच लागतं, त्यामुळे तुझ्या केसांविषयी मला ऐकायचं नाही. आणि गाडीत सायकल न्यायचे नियम गाडीगणिक वेगळे असतात, कोर्दोबाच्या स्टेशनवर आधी विचारून घे. खिडकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नकोस, तो नियम त्यानं केलेला नसतो. मी ते ऐकून घेतलंय आयुष्यभर.

इथं काल संध्याकाळी शकुंतलेच्या यार्डापर्यंत चालत गेलो. रूळ आहेत, पण बाभळींनी वेढलेत, स्लीपरांमधून गवत. १९९४ पर्यंत तिथं वाफेचं इंजिन चाललं, तुझ्या आजोबांच्या शर्टाला तो वास कायमचा होता. तुझ्या मित्रानं विचारलं होतं की इथंही तशी सायकलवाट का करत नाही. लोक गाडी परत सुरू करा म्हणून अजून मागणी करतात, आणि मीही त्यांच्यात आहे. सायकलवाट झाली की गाडीची आशा संपली, असं मनात येतं. मग ओल्वेराची वाट आठवते आणि नक्की काय म्हणावं कळत नाही. तू परत आलीस की यार्डात जाऊन बोलू.

एक काम कर. ग्वादाहोस नदीवरच्या लोखंडी पुलावर थांबून कठड्याबाहेरून रिवेट दिसतात का बघ. कुठं कारखान्याचं नाव किंवा साल ओतलेलं असेल तर फोटो काढ, जवळून, तुझ्या चेहऱ्याशिवाय. आणि पुएंते हेनीलला बिहीच्या, म्हणजे क्विन्सच्या, फळाची वडी मिळते, आपल्या पेरूच्या वडीसारखी. ती आईसाठी घे. चकल्यांचं पार्सल मी सोमवारी टाकतोय, तिनं डब्यावर तुझं नाव मोठ्या अक्षरात लिहिलंय.

तुझा,
बाबा