ठेव मोडू नका

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर "विचार करून सांगते" एवढेच म्हणून मी विषय बदलला, म्हणून हे पत्र. माझ्या डेटा विश्लेषणाच्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यासाठी मुदत ठेव मोडण्याची तयारी तुम्ही दोघांनी दाखवलीत, तिला फोनवर एका शब्दात उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. उत्तर नाही असेच आहे. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना तुमची घालमेल होणार नाही. पण मी नाही का म्हणते आणि त्याऐवजी काय करते आहे हे सविस्तर लिहायला हवे, कारण बाबांचा मुद्दा वजनदार आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे योग्य होणार नाही.

बाबांचे म्हणणे असे की त्यांनीही चाळिशीच्या सुमारास छपाईचे खिळे जुळवणे सोडले आणि संगणक हाती घेतला, मग माझ्याच वयाची अडचण का व्हावी. वयाची अडचण मलाही वाटत नाही. पण बाबा, तुम्ही शिकलात तेव्हाची परिस्थिती आठवून पाहा. छापखान्याने संगणक विकत घेतले, जुळाऱ्यांपैकी काहींना शिकायला पाठवले, त्या काळातला पगार चालू ठेवला, आणि तुम्ही शिकून परतलात तेव्हा तुमची बसण्याची जागा ठरलेली होती व टेबलावर काम साठलेले होते. आधी काम होते आणि त्या कामासाठी शिक्षण होते. माझ्यापुढे जे आहे त्यात आधी शिक्षण आहे आणि नंतर काम मिळेल अशी आशा आहे. दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. खिळ्यांच्या पेटीतून खिळे उचलणारी बोटे कळफलकावर आली, तरी ओळ कुठे तोडू नये, दोन शब्दांत किती जागा सुटली की डोळ्याला खटकते, उपमथळ्याच्या वर जास्त आणि खाली कमी जागा का ठेवायची, हे सगळे ज्ञान तुमच्याबरोबर नव्या यंत्रावर आले. म्हणूनच नुसता संगणक शिकून आलेल्या मुलांपेक्षा तुमची पाने नीट लागत असत. मी डेटा विश्लेषणाकडे वळले, तर माझ्याजवळचे पानांच्या मांडणीचे असे ज्ञान फारसे बरोबर येणार नाही.

तुमच्याच व्यवसायातले एक उदाहरण गेले काही आठवडे माझ्या मनात घोळते आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २ जुलै १९७८ च्या अंकानंतर शिशाच्या ओळी ओतणारी लायनोटाइप यंत्रे बंद केली. तिथल्या जुळाऱ्यांच्या संघटनेने १९७४ मध्येच करार करून कायम कामगारांच्या नोकऱ्या सुरक्षित करून घेतल्या होत्या, त्यामुळे त्यांतल्या अनेकांनी फोटोकागदावर निघालेला मजकूर कापून पानावर चिकटवण्याचे नवे काम शिकून घेतले. पुढे १९८५ मध्ये पाने मांडण्याचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर बाजारात आले, पूर्ण पान पडद्यावरच लागू लागले आणि हळूहळू ते चिकटकामही जगभरातून नाहीसे झाले. ज्यांच्या हातात नोकरीची हमी होती त्यांचे त्या दोन्ही वळणांवर निभावले असेल. पण तेच चिकटकाम कोणी स्वतःची पुंजी घालून शिकला असता आणि मग दारोदार काम शोधत फिरला असता, तर त्याची पुंजी वसूल होण्याआधीच ते काम संपले असते. तेव्हा पुन्हा शिकावे की नाही, एवढा प्रश्न पुरेसा नाही; कोणाच्या जोखमीवर शिकायचे आणि शिकलेले किती काळ टिकेल, हेही विचारावे लागते.

डेटा विश्लेषणाचा अभ्यासक्रम मी झटकून टाकलेला नाही, हे मात्र मनापासून सांगते. बाबांनी पाठवलेले माहितीपत्रक मी बारकाईने वाचले आणि संस्थेला लिहून विचारले की मागच्या तुकडीत प्रवेश किती जणांनी घेतला, त्यांपैकी पूर्ण किती जणांनी केला, आणि पूर्ण केलेल्यांपैकी याच प्रकारच्या कामावर किती जण किती महिन्यांत रुजू झाले. उत्तरात एकच टक्केवारी आली, आणि ती नोकरीसाठी संस्थेकडे नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांपुरती होती. मधेच सोडून गेलेले, नाव न नोंदवलेले, पूर्वीच्याच नोकरीवर परतलेले, हे सगळे त्या हिशेबाबाहेर. टक्केवारी कशाची काढली हे सांगितल्याशिवाय तिला अर्थ नसतो, हे मला शाळेत बाबांनीच शिकवले होते.

आता खर्चाचे. शुल्काचा आकडा डोळ्यात भरतो, पण खरा खर्च दोन वर्षे न मिळणाऱ्या पगाराचा आहे, आणि तुमच्या बाबतीत ठेवीवरच्या त्या व्याजाचा आहे ज्यावर तुमचे महिन्याचे औषधपाणी चालते. शिवाय पूर्णवेळ शिकणारा माणूस नोकरी शोधणे जवळजवळ थांबवतो, आणि त्या काळात आलेली चांगली संधीही हातची जाते. कार्ड, क्लूव्ह आणि वेबर या अर्थतज्ज्ञांनी बेरोजगारांसाठीच्या योजनांवरील २०० हून अधिक अभ्यास एकत्र तपासून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडला की अशा कार्यक्रमांचा परिणाम सुरुवातीच्या काळात सरासरीने शून्याच्या आसपास असतो आणि तो दिसू लागतो ते कार्यक्रम संपल्यानंतर दोन-तीन वर्षांनी. प्रशिक्षणाच्या बाबतीत तर हे विशेष लागू पडते. म्हणजे प्रशिक्षण वाया जात नाही, फक्त त्याचे फळ उशिरा येते. ज्याला तेवढे थांबता येते त्याने जरूर थांबावे. तुमच्या ठेवीच्या आधाराने मी थांबले, तर थांबण्याची झळ मला नव्हे, तुम्हाला बसेल.

तुमच्या बाजूने बोलणारा एक आकडाही लपवत नाही. नोकरी गेल्यावर अमेरिकेतल्या स्थानिक महाविद्यालयांत पुन्हा शिकायला गेलेल्या कामगारांचा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका शैक्षणिक वर्षाने पुरुषांची दीर्घकालीन कमाई सुमारे ९ टक्क्यांनी आणि स्त्रियांची सुमारे १३ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले; तांत्रिक विषय, गणित आणि विज्ञान घेतलेल्यांचा फायदा याहून बराच मोठा होता, तर इतर विषय घेतलेल्यांना जवळजवळ काहीच फायदा झाला नाही. बाबा म्हणतील, मग गणिताकडेच वळ ना! पण मी त्यातून असा अर्थ काढते की काय शिकतो यावर जवळपास सगळे अवलंबून असते, आणि माझ्यासारखीला शिकलेले गणित कुठे वापरायचे हे आधी ठाऊक असायला हवे. डेटा विश्लेषणाच्या क्षेत्रात नवख्यांसाठी असलेल्या जागांवर सध्या अर्जांची सर्वाधिक गर्दी आहे असे त्यात काम करणाऱ्या परिचितांकडून ऐकते आहे, आणि तिथे मी पुन्हा अगदी पहिल्या पायरीवर उभी असेन.

आणखी एक गोष्ट कबूल करायला हवी. "सध्या शिकते आहे" हे उत्तर फार सोयीचे असते. लग्नाकार्यात, शेजारात, आपल्या स्वतःशीसुद्धा. "नोकरी शोधते आहे" म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते या उत्तराने टळते. हे कारण मनात किती खोल असते ते आपल्यालाच कळत नाही, आणि एवढ्यासाठी दोन वर्षे आणि तुमची ठेव खर्च करणे मला परवडणारे नाही.

आता मी काय करते आहे ते. पानांच्या मांडणीच्या नोकऱ्यांच्या जाहिराती मी गेले काही महिने केवळ अर्ज करण्यासाठी वाचत नाही. त्यांत काय काय मागितले आहे ते एका वहीत टिपून ठेवते. एक अपेक्षा त्यांत वारंवार दिसू लागली आहे, ती म्हणजे सुगम्य दस्तऐवज तयार करता येणे. ज्यांना दिसत नाही किंवा अंधुक दिसते ते लोक स्क्रीन रीडर नावाच्या सॉफ्टवेअरकडून पडद्यावरचा मजकूर ऐकतात. हे सॉफ्टवेअर पान डोळ्यांनी पाहत नाही. फाइलच्या आत मथळा कोणता, परिच्छेद कोणता, तक्त्याची शीर्षके कोणती, आधी काय आणि नंतर काय वाचायचे, याच्या ज्या खुणा असतात त्या ते वाचते. खुणा नसतील तर दोन स्तंभांचे देखणे पान कधी कधी डाव्या स्तंभाची एक ओळ आणि उजव्या स्तंभाची एक ओळ असे मिसळून वाचले जाते, आणि चित्रात काय आहे ते ऐकूच येत नाही. आम्ही वर्षानुवर्षे ठळक, मोठ्या अक्षरांत मथळे लावत आलो. डोळ्यांना ते मथळे होते, पण यंत्राला तो फक्त मोठा मजकूर होता.

या कामाचे नियम काही कालपरवाचे नाहीत. वेबवरील सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे १९९९ मध्ये प्रथम आली, त्यांची दुसरी आवृत्ती २००८ मध्ये निघाली आणि ताजी, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मधली आहे. सुगम्य पीडीएफसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक प्रथम २०१२ मध्ये आले. सामान्य आकाराचा मजकूर आणि त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ एवढे गुणोत्तर असावे, इतक्या बारकाईने ते लिहिलेले आहेत. युरोपीय संघाचा यासंबंधीचा कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आणि त्याच्या कक्षेत ई-पुस्तकेही येतात, त्यामुळे तिथे ई-पुस्तके विकणाऱ्या बहुतेक प्रकाशकांना, ते जगात कुठेही असोत, याकडे लक्ष देणे भाग आहे. मागणीमागे कायदा असला की ती फॅशनसारखी एका हंगामात ओसरत नाही, असा माझा अंदाज आहे. खुणा आपोआप लावणारी सॉफ्टवेअर आली आहेत, त्यामुळे या कामाचा काही भाग यंत्रे घेतील हेही मी धरून चालले आहे. पण गुंतागुंतीच्या पानावर वाचण्याचा क्रम काय असावा आणि आलेखाचे वर्णन कोणत्या शब्दांत करावे हे ठरवायला आज तरी माणूस लागतो, आणि तो मांडणी जाणणारा असला तर उत्तम. माझे जुने काम इथे बरोबर येते.

आई, तू विचारले होतेस की हल्ली घरबसल्या फुकट शिकता येते, मग शुल्क कशाला. शिकता येते, पण पूर्ण होत नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हेच प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. म्हणून मी माझ्या बचतीतून सुगम्यतेच्या प्रमाणपत्र परीक्षेचे शुल्क भरून तारीख घेतली आहे. सकाळी अर्ज आणि मुलाखतींची तयारी, संध्याकाळी अभ्यास, आणि जुन्या ओळखीतून आलेली छोटी कामे मधल्या वेळात, असा सध्याचा क्रम आहे. त्याचबरोबर एका प्रकाशकाच्या जुन्या अहवालाची पीडीएफ मी नियमांनुसार पूर्ण दुरुस्त केली आहे. मुलाखतीत ती आधीची आणि नंतरची अशी दोन्ही ऐकवते, तेव्हा प्रमाणपत्र दाखवण्यापेक्षा लवकर समजते.

अर्ज थांबवायचे नाहीत, याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेतल्या सुमारे ३,००० जागांसाठी सुमारे १२,००० काल्पनिक अर्ज पाठवून केलेल्या एका प्रयोगात, जो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, असे दिसले की बेकारीचा काळ लांबतो तशी मुलाखतीची बोलावणी कमी होतात, आणि ही घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतच होते. हे वाचून मला धास्ती वाटली हे खरे. म्हणूनच वर्षअखेरपर्यंत मांडणीचे किंवा सुगम्यतेचे काम मिळाले नाही, तर पगार जरा कमी असला तरी शिकवून घेणारी जागा मी स्वीकारणार आहे, आणि मग डेटाचा अभ्यासक्रम करायचाच ठरला तर तो अर्धवेळ आणि माझ्या पगारातून करीन.

आई, मामांना आणि काकांना माझ्यासाठी शब्द टाकू नकोस, असे मी म्हटले याचे तुला वाईट वाटले, म्हणून त्याचेही कारण सांगते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिले होते की ओळखीतून नोकरी मिळवलेल्या माणसांपैकी जेमतेम सहाव्या हिश्शाला ती वरचेवर भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्यांनी सुचवली होती. जवळच्यांना तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. माझ्या उपयोगाचे लोक बाबांच्या जुन्या डायरीत आहेत: छापखाना सोडून प्रकाशनात गेलेले, पुढे स्वतःचे युनिट काढलेले, वर्षानुवर्षे ज्यांच्याशी बोलणे झालेले नाही असे. बाबा, वेळ मिळेल तेव्हा त्या डायरीतली नावे आणि नंबर मला लिहून पाठवा. फक्त माझ्या आधी कोणाला फोन करून माझी शिफारस करू नका. पहिले बोलणे मला करू द्या, आणि तुमची मुलगी म्हणून ओळख मीच सांगेन.

तुमची लेक