डालेक मार्गदर्शिकेतला गहाळ फर्मा आणि तुमच्या पर्यवेक्षकांची भाषा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा आणि संपादक (दोघांनीही वाचावं)

आज दुपारी तुमच्या पर्यवेक्षकांशी झालेलं बोलणं शेवटचं. यापुढे मी फोन करणार नाही, म्हणून लिहिते आहे. तक्रार क्रमांक तुमच्याकडे आहे आणि पुस्तक कोणतं तेही सांगायला नको, ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेतल्या डालेक नावाच्या कवचधारी शत्रूंची ही मार्गदर्शिका तुम्हीच छापलीय.

माझ्या प्रतीत पान 65 ते 80 हा फर्मा, म्हणजे एकत्र बांधलेला सोळा पानांचा गठ्ठा, दोनदा बांधला आहे. 80 नंतर पुन्हा 65 येतं, पुन्हा 80 पर्यंत जातं आणि मग एकदम 97. मधली 81 ते 96 ही पानं नाहीतच. तुमच्याच अनुक्रमणिकेप्रमाणे त्या पानांत डालेकच्या कवचाचा उभा छेद आहे, आतला जीव कुठे आणि कसा बसतो त्याची आकृती आहे, नेत्रदंडाची, म्हणजे टोकाला डोळा असलेल्या दांड्याची, रचना आहे आणि श्रेणींचा तक्ता आहे. असलं पुस्तक माणूस ज्यासाठी घेतो ते सगळं नेमकं तिथेच आहे.

हे मी तुमच्या माणसांना परत परत सांगितलं. दर वेळी नवा आवाज, दर वेळी पहिल्यापासून. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आहे का, असं विचारलं. बांधणीतली चूक पार्सल उघडताना दिसत नाही, पुस्तक वाचताना दिसते. एकाने सांगितलं की गोव्यात पाऊस फार, पानं ओलीने चिकटली असतील. चिकटलेली पानं 81 ची 65 होत नाहीत. नंतर ‘तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे’ असा मेसेज आला. निकाल काय लागला ते त्यात नव्हतं.

आता आजचा फोन. तो सविस्तरच लिहिते, कारण तुमच्याकडे रेकॉर्डिंग असणार आणि तुम्ही ते ऐकावं अशी माझी मागणी आहे.

मी सगळं सांगून झाल्यावर पर्यवेक्षक म्हणाले, “मॅडम, एकूण पानं मोजलीत का? तेवढीच भरतायत ना?” मी म्हटलं, भरतात, कारण तीच पानं दोनदा आहेत. त्यावर ते म्हणाले, “मग कमी कुठे आहेत?” मला वाटलं त्यांना समजलं नसेल. मी पुन्हा शांतपणे सांगितलं: 81 ते 96 नाहीत, त्यांच्या जागी 65 ते 80 पुन्हा आली आहेत. ते म्हणाले, “हां, पण जाडी तर तेवढीच आहे.” पुस्तक जाडीवर विकता का तुम्ही? असं मी विचारलंही. तेव्हा त्यांचा सूर बदलला. “हे बघा मॅडम, ही काय खरी गोष्ट थोडीच आहे? टीव्हीवरच्या राक्षसांचं पुस्तक. परीक्षेला नाही ना लावलेलं? मधलं थोडं नसलं तरी मुलांना कळतं. चित्रं हवीत तर गुगलवर बघा.” मी म्हटलं, मला लेखी उत्तर द्या. त्यांनी फोनवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला नव्हता. शेजारच्या कुणाला तरी सांगताना मी स्पष्ट ऐकलं, “अरे, ती डब्यांच्या पुस्तकवाली बाई.” आणि दोघे हसले. मग फोनवर येऊन, “अजून काही मदत करू का मॅडम?”

मी शाळेत शिकवते. वर्गातल्या मुलालाही मी त्याच्या आवडीवरून कधी हसले नाही. तुमच्या पर्यवेक्षकांनी मला हसण्यापूर्वी निदान आपल्याच कंपनीचं पुस्तक उघडून बघायचं होतं.

‘खरी गोष्ट थोडीच आहे’ हे वाक्य मला सर्वात लागलं, कारण त्यात तुमच्या संपूर्ण कामाची हेळसांड आहे. ही मार्गदर्शिका डालेक ज्या जगात आहेत त्या जगातल्याच माणसाने लिहिली आहे, असं तुम्ही प्रस्तावनेत मानलंय. पृथ्वीवरच्या आक्रमणातून वाचलेला एक सैनिक दुसऱ्या सैनिकासाठी टिपणं काढून ठेवतो, अशी त्यामागची कल्पना आहे. मला ती फार आवडली, म्हणून तर पुस्तक घेतलं. पण एकदा ही अट स्वीकारली की त्या जगाचे नियम पाळावेच लागतात. कथा काल्पनिक असते म्हणून तिच्यात काहीही चालत नाही. उलट तिथे बाहेरचा आधार नसतो, म्हणून आतली माहिती जास्तच चोख लागते. त्या सैनिकाच्या हातात माझी प्रत पडली असती, तर डालेकसमोर उभं राहून त्याने नेत्रदंडाचं पान शोधलं असतं आणि त्याला पान 65 दुसऱ्यांदा मिळालं असतं.

आणि केवळ बांधणीचंच नाही. पान 23 वर ‘जीव कसा वाचवावा’ या भागात तुम्ही लिहिता की डालेकना जिना चढता येत नाही, तेव्हा वरच्या मजल्यावर आश्रय घ्यावा. डॉक्टर हू बघणारा कुणीही हे वाचून कपाळाला हात लावील. 1988 सालच्या कथेत शाळेच्या तळघरातून डालेक जिन्यावरून तरंगत वर येतो आणि मालिकेचा नायक डॉक्टर जिन्यात अडकतो. 2005 साली तर जिन्याच्या वरच्या टोकाला उभा राहून एक तरुण डालेकला हिणवतो, आणि पुढच्या क्षणी तो डालेक पायऱ्यांवरून वर उठतो. तुमच्याच पुस्तकात पान 110 वर उडणाऱ्या डालेकांची तुकडी आहे! पान 23 चा सल्ला पाळणारा माणूस पान 110 पर्यंत जिवंत राहणार नाही. हे एकाही संपादकाच्या लक्षात आलं नाही?

मलपृष्ठावर ‘निर्दयी यंत्रमानव’ असं छापलंय. डालेक यंत्रमानव नाहीत. कवच हे वाहन आहे. आत एक विद्रूप झालेला, जिवंत, द्वेषाने भरलेला जीव आहे. हे कळलं नाही तर डालेक कळलेच नाहीत. यंत्राची भीती एका प्रकारची असते. पण कुणीतरी कधीकाळी आपल्यासारखंच होतं, आणि आपणच तेवढे शुद्ध, बाकी सगळे नष्ट करायचे, या विचाराने स्वतःला त्या पेटीत कोंडून घेतलं, याची भीती निराळी. डालेकांचे जनक, लेखक टेरी नेशन यांनी हे 1963 मध्ये लिहिलं तेव्हा महायुद्ध संपून दोन दशकंही झाली नव्हती. माझ्या वर्गातल्या मुलांना मी हेच सांगते आणि मुलांना ते समजतं.

उत्पत्तीचं प्रकरणही तसंच. 1963 च्या कथेप्रमाणे स्कारो ग्रहावर न्यूट्रॉन युद्ध झालं, आणि किरणोत्सर्गाने विद्रूप झालेले लोक यंत्रांत शिरून आपल्या नगरात राहिले. 1975 च्या कथेत कालेड आणि थाल या तिथल्या दोन जमातींच्या दीर्घ युद्धात डॅव्हरॉस नावाचा शास्त्रज्ञ डालेकांना मुद्दाम घडवतो. दोन्ही हकिकती मालिकेतल्याच आहेत. जाणता लेखक म्हणाला असता की पहिली थालांच्या पिढ्यांतून सांगितली गेली आणि दुसरी डोळ्यांनी पाहिलेल्याची आहे. तुम्ही पान 12 वर एक लिहिली, पान 14 वर दुसरी, आणि पुढे गेलात. पहिल्या कथेतले डालेक नगराच्या धातूच्या जमिनीवरच, स्थिर विजेवर चालत होते, म्हणून तर त्यांच्यातल्या एकाला थालांच्या झग्यावर ढकलून निकामी करता आलं. 1964 च्या कथेत तेच डालेक लंडनच्या रस्त्यांवर फिरले तेव्हा त्यांच्या पाठीवर वीज घेणारी तबकडी होती. एवढी सुंदर, कामाची माहिती तुमच्या पुस्तकात एका ओळीतही नाही. कदाचित 81 ते 96 मध्ये असेल. मला कसं कळणार?

मी हे पुस्तक एकटीसाठी घेतलेलं नाही. आमच्या वाड्यावरची मुलं दर दिवाळीला नरकासुराचा पुतळा करतात. यंदा नरकासुराच्या बाजूला डालेक उभा करायचा असं ठरलं. सांगाडा बांबूचा आणि लोखंडी पट्ट्यांचा, अंगावरचे अर्धगोल नारळाच्या करवंट्यांचे. 14 रांगांत 4-4, अशा 56 करवंट्या मुलांनी घरोघरी फिरून गोळा केल्या, घासून गुळगुळीत केल्या. खालचा घेर झाला. खांदे झाले. मानेच्या जाळीचं आणि डोक्याच्या घुमटाचं माप, नेत्रदंड कुठून निघतो, हात कोणत्या कोनात, हे सगळं त्या छेदाच्या आकृतीत आहे. मुलं रोज संध्याकाळी विचारतात, “टीचर, पानां आयलीं?” आणि मी रोज नाही म्हणते. तुमचे पर्यवेक्षक म्हणतात गुगलवर बघा. मग पुस्तकाचे पैसे कशासाठी घेतलेत?

तुमच्या कंपनीची पुस्तकं मी कित्येक वर्षं शाळेच्या वाचनालयासाठी घेत आले. मुखपृष्ठावर तुमचं चिन्ह दिसलं की आत चाळूनही बघत नव्हते. आता यादी करताना तुमचं नाव वगळलं आहे, आणि आमच्या तालुक्यातल्या इतर शिक्षकांनाही मी ही प्रत दाखवणार आहे. दोन्ही पान 65 उघडून दाखवणार आहे.

माझी मागणी अशी. 81 ते 96 सह संपूर्ण प्रत तुमच्या खर्चाने पाठवा आणि पाठवण्यापूर्वी कुणीतरी ती पानं उघडून तपासा. सदोष प्रत न्यायला तुमचा माणूस पाठवा, मी कुरियरच्या कार्यालयात जाणार नाही. पान 23 चा जिन्याचा सल्ला आणि मलपृष्ठावरचा ‘यंत्रमानव’ पुढच्या आवृत्तीत काढणार की नाही, ते संपादकांनी लेखी कळवावं. आणि ‘डब्यांच्या पुस्तकवाली बाई’ या शब्दांसाठी त्या पर्यवेक्षकांची, त्यांच्या सहीची माफी हवी. कंपनीच्या नावाने छापील मजकूर आला तर मी तो स्वीकारणार नाही.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर मी मडगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्याप्रमाणे ग्राहकाला आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, तुमच्या शहरात यावं लागत नाही, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही नाही. दोन्ही फर्म्यांची छायाचित्रं, पावती आणि तुमचे सगळे मेसेज मी काढून ठेवले आहेत.

उत्तर लेखीच द्या. फोन करू नका.

सही/-
बांदोडा, फोंडा, गोवा