पेरणी उरकल्यावर आलेल्या मदतीचं काय करायचं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महामारीची तयारी म्हटलं की पेपरात, टीव्हीवर सगळीकडे तीच यादी असते, बेड, ऑक्सिजन, लस, मास्क. ते हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण त्या यादीत शेतकरी शोधून सापडत नाही, सापडलाच तर साथ येऊन गेल्यावर 'पॅकेज' नावाच्या एका ओळीत. खरं तर नव्याने येणाऱ्या रोगांपैकी साधारण पाऊण हिस्सा प्राण्यांकडून माणसात येतो असं तज्ज्ञ कितीतरी वर्षं सांगतायत, म्हणजे काहीतरी बिनसलंय हे बऱ्याचदा दवाखान्याच्या आधी गोठ्यात कळणार.

निपाहचंच घ्या. १९९८-९९ मध्ये मलेशियात डुकरं पाळणारे लोक मेंदूज्वराने आजारी पडायला लागले, आधी सगळ्यांना वाटलं डासांमुळे, जास्त करून लहान मुलांना होणारा जपानी मेंदूज्वर आहे, मग डासांची फवारणी झाली, लसीकरण झालं, तरी साथ हटेना. आजारी पडणारे बहुतेक जण डुकरांत काम करणारी मोठी माणसं होती, आणि डुकरंही खोकत होती! शेवटी कळलं की हा वेगळाच व्हायरस आहे. डुकरांच्या शेडला लागून फळझाडं होती, त्यावर वटवाघळं यायची, त्यांनी अर्धवट खाल्लेली फळं खाली डुकरांपुढे पडायची. शंभरावर माणसं गेली, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली. नंतरच्या उपायांतला एक तर किती साधा, फळझाडं शेडपासून लांब ठेवा. डुकरं खोकतायत हे शेडमध्ये रोज काम करणाऱ्याला सगळ्यात आधी दिसलं असणार हो, पण त्याला विचारतो कोण.

आणि विचारलं तरी तो सांगेल का? माझा मुद्दा इथे सुरू होतो. रोग कळवला की कळप मारणार, माल अडवणार, व्यापारी फिरकणार नाही, आणि भरपाई? ती कधी, किती, कुणाच्या खात्यात, काहीच नक्की नसतं. अशा वेळी माणूस गप्प बसतो नाहीतर गुपचूप जनावर विकून टाकतो, आणि ते जनावर रोग घेऊन पुढच्या गावात जातं. त्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे, पण पगारी माणसाला असं कुणी सांगत नाही की तू ताप आल्याचं कळव, मग आम्ही तुझं घर विकू.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हे दिसलं. मार्च २०२४ मध्ये तिथल्या दुभत्या गाईंमध्ये बर्ड फ्लू सापडला, गाई चारा कमी खायला लागल्या, दूध घटलं आणि जे येत होतं ते चिकासारखं घट्ट, पिवळसर. कोंबड्या मारल्या तर पैसे द्यायची सोय तिथे आधीपासून होती, गाईंचं दूध घटलं तर काय याची नव्हती, ती नंतर करावी लागली. तोपर्यंत अनेक गोठेमालक टेस्ट करायला तयार नव्हते. दूध काढणाऱ्या मजुरांनाही लागण होऊन त्यांचे डोळे लाल व्हायचे, पण रजा घेतली तर मजुरी जाते म्हणून तेही बोलायला कचरायचे. भरपाईचा दर आणि मुदत साथ यायच्या आधी ठरलेली पाहिजे, आणि मजुराची बुडालेली मजुरी त्यातच धरलेली पाहिजे.

आता सावरण्याबद्दल. शेतीला स्वतःचं कॅलेंडर आहे आणि ते लॉकडाऊनसाठी थांबत नाही. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत (गिनी, लायबेरिया, सिएरा लिओन) इबोला पसरला तेव्हा सीमा बंद, बाजार बंद, गावकरी एकमेकांच्या शेतात मिळून काम करायचे तेही भीतीने बंद. काही ठिकाणी पीक उभं होतं पण कापायला माणूस नाही. बाजारात माल विकणाऱ्या बायकांचं भांडवल घरखर्चात संपलं. असं झालं की आधी साठवलेले पैसे जातात, मग जनावर, मग बियाण्यासाठी राखलेलं धान्यही खाल्लं जातं, आणि खरा फटका पुढच्या हंगामात बसतो जेव्हा बातम्यांमधून साथ कधीच गेलेली असते. मदत पेरणी उरकल्यावर आली तर तिचा उपयोग जुनं कर्ज फेडायला होतो, शेत तोपर्यंत पडीकच.

२०२० मध्ये उलटंही पाहिलं. अमेरिकेत शाळा, हॉटेलं बंद पडली आणि शेतकऱ्यांनी दूध ओतून दिलं, तेव्हाच दुकानांत दुधाची टंचाई, कारण हॉटेलांसाठी मोठं पॅकिंग करणारी मशीन एका रात्रीत घरगुती पॅकिंगवर वळवता येत नाही. जर्मनीने मात्र सीमा बंद असतानाही रोमानियातून हंगामी मजूर विमानाने आणले. म्हणजे मनात आलं तर वाट काढता येते, फक्त त्या मजुरांच्या राहण्या-झोपण्याची आणि तपासणीची सोयही तेवढ्याच तातडीने व्हायला हवी, तिथे त्यावरून बरीच टीका झाली.

म्हणून मला वाटतं शेतमजूर, पशुवैद्य, बी-खतवाला, दूध गाडीवाला यांचे पास आधीच ठरलेले असावेत, बियाण्याचा थोडा साठा गावाजवळ असावा, आणि मदतीची यादी फक्त जमीन नावावर असलेल्यांची नसावी. खंडाने शेती करणारे, मजूर, नवऱ्याच्या नावावरची जमीन कसणाऱ्या बायका या दरवेळी सुटतात, आणि साथ चालू असताना यादी करायला बसलं तर घाईत तेच परत सुटणार.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या देशांनी महामारी करार मंजूर केला, त्यात माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचा एकत्र विचार करा असं आहे. चांगलंच आहे, पण जनावर मेल्यावर शेतकऱ्याने फोन कुणाला करायचा आणि पैसे किती दिवसांत मिळणार हे ज्याच्या त्याच्या सरकारलाच ठरवावं लागणार. तुमच्या पेपरने हे दोन प्रश्न संबंधित खात्याला विचारून उत्तर छापावं, उत्तर नाही मिळालं तर तेही छापावं, एवढीच विनंती.

आपला,
एक नियमित वाचक